वाचकांचे प्रश्न : भिंतच उरली नाही, तर किल्ला सापडतो कसा?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात नोकरीला आहे. तेथील एक मंडई पाडून तिच्याखालच्या मध्ययुगीन किल्ल्याचे उत्खनन झाल्याचे त्याने कळवले. किल्ला तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच जमीनदोस्त झाला आणि दगडही लोकांनी नेले. मग खणणाऱ्यांना दिसते तरी काय? काम संपल्यावर सारे पुन्हा बुजवतात, ते कशासाठी? आपल्या कोल्हापुरात असे काही करण्याजोगे आहे का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : शीफ आणि डॉन या दोन नद्यांच्या संगमावरचा हा भुईकोट. पहिला किल्ला १२६६ मध्ये सरदारांच्या बंडात जाळला गेला आणि १२७० मध्ये राजा तिसरा हेन्री याच्या परवानगीने थॉमस द फर्निव्हल याने तेथे दगडी किल्ला बांधायला घेतला. स्कॉटलंडची राणी मेरी १५७० पासून सुमारे चौदा वर्षे शेफिल्डमध्ये नजरकैदेत होती, तिचा बराच काळ याच किल्ल्यात गेला. इंग्लंडच्या यादवी युद्धात १६४४ मध्ये किल्ला पार्लमेंटच्या सैन्याच्या हाती पडला आणि पुढे पार्लमेंटच्याच हुकुमाने पाडला गेला. त्या जागेवर कालांतराने मंडई उभी राहिली. ती २०१५ मध्ये पाडल्यानंतर २०१८ मध्ये तेथे पद्धतशीर उत्खनन झाले. मात्र सारेच दगड गेले होते असे नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे इमारती उभ्या राहत असतानाच प्रवेशद्वाराच्या बुरुजाचा तळ उघडा पडला होता, आणि तो नंतर मंडईच्या पोटात जपून ठेवलेला होता.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. भिंत उभारण्याआधी पायासाठी चर खणावा लागतो. पुढे घडीव दगडांसाठी आलेले लोक त्याच चराने खाली उतरून तळापर्यंतचा दगड उपसतात, आणि रिकामा झालेला चर पडझडीच्या मातीने भरून निघतो. आजूबाजूची मूळ जमीन घट्ट आणि एकरंगी असते. भरावात मात्र चुन्याचे खडे, दगडाच्या कपच्या, फुटक्या कौलांचे तुकडे आणि भुसभुशीत माती यांची सरमिसळ असते. थापीने पृष्ठभाग हलक्या हाताने तासून त्यावर पाणी शिंपडले, की दोन्ही माती वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि जमिनीवर सरळ कडांचा एक पट्टा उमटतो. नाहीशा झालेल्या भिंतीची दिशा त्यातून कळते, रुंदीचाही बराचसा अंदाज येतो. पट्टा जेथे काटकोनात वळतो तेथे दालनाचा कोपरा, आणि जेथे तो गोलाकार फुगतो तेथे बहुधा बुरुज.

खंदक ही त्याहून मोठी ठेव. किल्ला नांदता असताना त्यात स्वयंपाकघरातली हाडे, फुटकी भांडी आणि कचरा पडतो, किल्ला पडल्यावर तटाचे दगड येतात, आणि त्यानंतर वस्ती वाढू लागली की खंदक बुजवण्यासाठी गावभरची माती ओतली जाते. हे थर ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने राहतात, सर्वांत जुना तळाशी. तळ कायम ओला असेल तर हवेअभावी चामड्याचे जोडे, लाकडी खुंट, धान्याचे दाणे आणि फुलांचे परागकणसुद्धा टिकून राहतात, म्हणजे किल्ल्यावर काय शिजत होते आणि भोवती रान होते की शेती, हेही सांगता येते. काळ ठरवताना मात्र भल्याभल्यांची गफलत होते. एखाद्या थरात १३०० सालचे नाणे सापडले म्हणून तो थर १३०० चा ठरत नाही. तो १३०० च्या आधीचा नाही, एवढेच सिद्ध होते. नाणे शंभर वर्षे वापरातही राहिलेले असू शकते. म्हणून नाण्यापेक्षा अभ्यासक खापरांवर अधिक विसंबतात. मडके फुटते आणि नवे येते, त्याची घडण पिढीगणिक बदलते आणि फुटके खापर जपून ठेवण्याचा मोह कुणालाच होत नाही.

खणण्याआधी जमिनीत शिरणारे रडार आणि मातीचा विद्युतरोध मोजणारी उपकरणे यांनी चाचपणी करतात. मोकळ्या शेतात त्यांचा चांगला उपयोग होतो, पण शहरात नळ, केबल आणि जुने काँक्रीट यांच्या गर्दीत त्यांचे निष्कर्ष धूसर होतात आणि शेवटी कुदळच हाती घ्यावी लागते.

बुजवण्यामागे दोन कारणे आहेत. उघडा पडलेला चुना पावसाने, आणि थंड देशात दहिवराने, काही वर्षांत भुगा होतो. मातीखाली तो शतके टिकतो. दुसरे असे की उत्खनन म्हणजे पुराव्याची नासाडीच, कारण उचललेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक थराची मोजमापे, रेखाचित्रे आणि छायाचित्रे घेतात, आणि पुढच्या पिढीच्या अधिक चांगल्या साधनांसाठी जागेचा काही भाग मुद्दाम न खणता सोडतात.

कोल्हापूरला ही विद्या नवी नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहन आणि बहमनी काळांतील वस्तीचे थर उलगडले. तेथे मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी अवश्य पाहावी. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील पन्हाळ्यावर, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडलेल्या ‘चार दरवाजा’ या प्रवेशद्वाराची जागा अभ्यासण्यासारखी आहे. पण गड संरक्षित असून २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे, त्यामुळे रीतसर परवानगीशिवाय तेथे कुदळ लावता येत नाही.

मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण खुद्द शहराचा कोट आहे. बिंदू चौकातल्या जुन्या कारागृहाजवळ तटाचा तुकडा दिसतो, पण बाकीचा कोट आणि खंदक रस्त्यांखाली आणि इमारतींखाली गेला. गंगावेस, रंकाळावेस ही ठिकाणे आपण रोज उच्चारतो आणि ओलांडतो. तेथे मोठे उत्खनन होणे अवघड आहे, परंतु ड्रेनेजसाठी किंवा जलवाहिनीसाठी चर खणला जाईल तेव्हा एखाद्या जाणकाराने दोन तास उभे राहून चराच्या बाजूंची छायाचित्रे घेतली आणि थर मोजले, तर ते काम फुकटात होईल. आज तो चर संध्याकाळपर्यंत बुजतो आणि माहिती कुणाच्याच हाती लागत नाही.

प्रश्न : घराच्या पायासाठी खणताना जुनी नाणी मिळाली तर ती ठेवून घेता येतात का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : परस्पर नाही. १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली, तर ती काय आहे, कुठे आणि केव्हा मिळाली, हे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. कळवले नाही तर कायद्याने मिळू शकणारा वाटाही जातो. नाणी घासून चकचकीत करू नयेत, आणि ती ज्या खोलीवर मिळाली तेथील मातीचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, आधी काढून ठेवावे.