कोठा म्हणजे जठर का आतडं?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या मूळच्या ठाण्याच्या, सध्या परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आल्यात, आणि ओपीडीत रोज कुणी ना कुणी म्हणतं "कोठा जड हाय", "कोठा साफ होईना गेलाय", एका आजीनं तर "माझा कोठाच तसला हाय माय, ल्हानपणापासून" असं ऐकवलं. तर हा कोठा म्हणजे जठर का आतडं, शब्द बरोबर आहे का नुसताच गावठी, आणि शेवटी एक उपप्रश्न, भिंतीवरच्या तक्त्यात "बद्धकोष्टता" लिहिलंय ते ट नं का ठ नं?

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. तालुक्याला स्टँडजवळ आमचं मेडिकल आहे, वीसेक वर्षं काउंटरला उभा आहे, त्यामुळं हा शब्द दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतो, आणि शब्दांची खोड लहानपणापासूनची.

तर ताई, जठर पण नाही आणि आतडं पण नाही. कोठा हा अवयवच नाही. एक गोष्ट बारकाईनं ऐका, कोठा दुखतोय असं तुम्हाला कुणी म्हणणार नाही. पोट दुखतं, मुरडा मारतो, गुबारा धरतो, छातीत जळजळ होते, पण कोठा दुखत नाही. कोठा जड असतो, हलका असतो, साफ असतो नाहीतर नसतो. म्हणजे माणसं त्याच्याबद्दल बोलतात ते एखाद्याच्या स्वभावाबद्दल बोलावं तसं, अमक्याचा कोठा हलका, जरा दूध जास्त झालं की पळतो, तमक्याचा जड, त्याला काही बी होत नाही. आजीबाईंनी "ल्हानपणापासून तसला" म्हणलं ते याच हिशेबानं, त्यांनी आजार सांगितलाच नव्हता, ओळख करून दिली होती.

आणि हे गावठी बिवठी अजिबात नाही. कोठा आला संस्कृत कोष्ठ वरून, प्राकृतात कोट्ठ, मग मराठीत कोठा. आयुर्वेदात कोष्ठ म्हणजे धडाची आतली पोकळी, चरकसंहितेत कोष्ठांगं मोजलीत ती 15, आणि त्यात आमाशय पक्वाशय यकृत आहेच पण हृदय आहे, वृक्क म्हणजे मूत्रपिंड आहे, बस्ती म्हणजे मूत्राशय पण आहे. म्हणजे शब्द आधीपासूनच एका अवयवाचा नव्हता. दुसरा अर्थ पण त्याच ग्रंथात आहे, मृदु कोष्ठ आणि क्रूर कोष्ठ. मृदु कोष्ठाच्या माणसाला गूळ, उसाचा रस, दूध, द्राक्षाचा रस, एवढंच काय नुसत्या गरम पाण्यानं पण रेच होतो असं म्हणलंय, आणि स्नेहपान, म्हणजे औषध म्हणून तूप-तेल पाजणं, द्यायचं तर मृदुला 3 दिवस पुरतात, क्रूरला 7 लागतात. आता हे वाचून मग आमच्या काउंटरवरचं "हलका कोठा, जड कोठा" ऐका. ज्या म्हाताऱ्याला अंगठ्याशिवाय सही येत नाही तो चरकाची परिभाषा वापरायलाय आणि आपण त्याला अडाणी म्हणायलाव.

मजा म्हणजे आजचं शास्त्र पण साधारण तेच बोलतं. दिवसाला 3 वेळा ते आठवड्याला 3 वेळा, या दोन टोकांच्या मधलं काही बी नॉर्मल धरतात. म्हणजे रोज सकाळी झालंच पाहिजे हा नियम शरीराचा नाही, आपला. ज्याची त्याची रीत वेगळी, आणि त्या रितीला एका शब्दात काय म्हणायचं तर मराठीत कोठा. इंग्रजीत त्यासाठी दोन-तीन शब्द जोडावे लागतात.

आता शब्दाचं खानदान बघू, कारण खरी गंमत तिथं आहे. कोष्ठ म्हणजे मुळात बंदिस्त जागा, खोली, साठवण. त्यातून कोठा, कोठी, कोठार, कोठडी, कोठारी आडनाव, एवढंच नाही तर गणिताच्या वहीतलं कोष्टक पण, चौकोनी खोल्या खोल्यांचं म्हणून. पोलिसांची कोठडी आणि तुमच्या पेशंटचा कोठा एकाच घरातले. रेशनचा कोटा मात्र यांच्यातला नाही, तो इंग्रजी, आणि लातूरच्या क्लासच्या पोरांना कोटा म्हणलं की राजस्थानातलं गाव आठवतं ते तर अजूनच वेगळं.

गोठ्याचं पण एकदा सांगून टाकतो कारण यात भले भले फसतात. आमच्याकडं कित्येक घरी गुरं बांधायच्या जागेला बी कोठाच म्हणतात, म्हणून लोकांना वाटतं गोठा आणि कोठा एकच, नुसता क चा ग झाला. तसं नाही. गोठा आला गोष्ठ वरून, गायी उभ्या राहायची जागा, आणि त्याच गोष्ठ पासून गोष्ठी म्हणजे बैठक आणि पुढं आपली गोष्ट. गोठ्याचं नातं गोष्टीशी, कोठ्याचं कोठाराशी.

माझ्या आजोळी, बीड जिल्ह्यात, माळवदाच्या घरात आत एक अंधारी खोली होती, तिला कोठा म्हणायचे. कोपऱ्यात मातीनं लिंपलेली कणगी, माणसाएवढी उंच, वरून तोंड उघडं, तिथून ज्वारी ओतायची, मधे मधे कडुलिंबाचा पाला टाकायचा, आणि खाली बुडाला मुठीएवढं भोक, त्याला चिंधीचा बोळा. दळायला काढायची तर बोळा ओढायचा की सुपात ज्वारी भसाभसा यायची. एका पावसाळ्यात भिंतीला ओल धरली, ज्वारीचा आतल्या आत गड्डा झाला आणि बोळा काढला तरी दाणा येईना. आजी काठीनं खालून ढोसत होती आणि पुटपुटत होती, "कोठा बसला मेल्याचा". मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असंल, मला वाटलं आजोबांबद्दल बोलतीय, कारण आजोबांचं पण त्याच आठवड्यात तेच चाललं होतं.

ही काही व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, कणगीवरून पोटाला कोठा नाव पडलं असं कुणी लिहायला जाऊ नका, पोटाचा कोष्ठ संस्कृतातच होता. पण वरून भरायचं, खालून काढायचं, मधे अडकलं की पंचाईत, ही कल्पना बोलणाऱ्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते म्हणून शब्द टिकला असं मला वाटतं. फरक एकच, उलटा. धान्याच्या कोठ्यात ओल शिरली की अडकतं, पोटातला कोठा कोरडा पडला की अडकतो. दिवसभरात लहान आतड्यात 8 ते 9 लिटर पातळ माल उतरतो, त्यात आपण प्यालेलं पाणी दोनेक लिटर, बाकीचा लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असला घरचाच. त्यातला बहुतेक लहान आतडंच परत ओढून घेतं, मोठ्या आतड्यापर्यंत दीडेक लिटर जातो आणि बाहेर पडतं ते 100-200 मिली पाणी. आता माल मोठ्या आतड्यात जितका जास्त थांबला तितकं पाणी जास्त ओढलं जाणार, म्हणून जड कोठ्यावाल्याचा "खडा होतो". खडा हा शब्द पण किती नेमका बघा.

त्यावरनं आठवलं, पचन म्हणजे मुळात शिजणं. पच् धातू, त्याच्यापासून पाक, पक्व, पक्वान्न, स्वयंपाक, सगळं चुलीवरचं. आमाशय म्हणजे आम, कच्चं, जिथं राहतं ती जागा, पक्वाशय म्हणजे शिजलेलं राहतं ती. जठरात प्रथिनं पचवणारं पेप्सीन असतं ना, त्याचं नाव 1836 साली थिओडोर श्वान यानं ग्रीक पेप्सिस वरून ठेवलं, आणि ते ग्रीक पेप आणि आपलं पच् एकाच मुळाचे भाऊ. बरं नुसती कविता पण नाही, जठरातल्या आम्लानं प्रथिनाच्या घड्या उलगडतात, तसंच काहीसं उकळत्या पाण्यात अंड्याच्या पांढऱ्याचं होतं.

पण चयापचय या शब्दात मात्र पचन नाही! इथं भरपूर लोक घसरतात, "चयपचय" पण लिहिलेलं बघितलंय. तो चय अधिक अपचय. चि म्हणजे गोळा करणं, त्याचा चय, साठवण. अपचय म्हणजे साठ्यातून उणं होणं. अपचय आणि अपचन यांचा काडीचा संबंध नाही. आणि शरीराचं खरं कोठार म्हणाल तर ते यकृतात आहे, शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच साठा, साठवून ठेवतं, उपाशी राहिलं की त्यातून काढायला सुरुवात. गंमत अशी की त्याला कोठा कुणीच म्हणत नाही.

उपप्रश्नाचं पटकन सांगतो. बद्धकोष्ठता, ठ नंच. बद्धकोष्ठ म्हणजे ज्याचा कोष्ठ बांधला गेलाय तो माणूस, खरं तर विशेषण, पण मराठीत "मला बद्धकोष्ठ आहे" असं नाम म्हणून सर्रास चालतं आणि चालू द्यावं. घोळ होतो तो कोष्टक मुळं, तिथं संस्कृतातला ठ जाऊन मराठीत ट रूढ झाला, मग तक्ता रंगवणाऱ्यानं दोन्हीकडं ट ठोकला.

तर केसपेपरवर बद्धकोष्ठता लिहायला हरकत नाही, पण "कोठा जड" म्हणल्या म्हणल्या लिहू नका, आधी विचारा की पहिल्यापासून जड का आता झालाय. "तुम्हाला शौचास साफ होते का" या प्रश्नाला आमच्याकडं लोक लाजून नुसतं हो म्हणतात, "कोठा कसा राहतो?" म्हणलं की बाकड्यावर ऐसपैस बसून सगळी हकीकत सांगतात. मागं एक मामा आले, जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेले, पोराकडं पुण्याला चार महिने राहून आलेले. "कोठा बदलला माझा तिकडं," म्हणले. विचारलं काय खात होतात, तर सकाळी चहात बुडवून टोस्ट, दुपारी भात, रात्री सुनबाईची नोकरी म्हणून पाव नाहीतर नूडल्स. आता ज्वारीत 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आसपास तंतू, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनच्या आत, कोठा काय करील बिचारा. इसबगोल दिलं, भरपूर पाण्याबरोबर घ्या म्हणलं, कोरडं घेतलं तर तेच अडकून बसतं. जाता जाता, इसबगोल फारसी आहे, अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान, बी दिसतं घोड्याच्या कानासारखं म्हणून. मामांना हे सांगितलं तर म्हणले, "घोड्याचे कान खाऊ घालतूस व्हय रे."

फक्त एका शब्दापासून जपा, जुलाब. हा पण फारसीच, गुलाब म्हणजे गुलाबपाणी, अरबीत गेला, ग चा ज होऊन जुलाब झाला, आधी गोड सरबत, मग पोट साफ करायचं सरबत. हिंदी-उर्दूत अजून जुलाब म्हणजे रेचकच. मराठीत मात्र क्रियापदावर सगळं अवलंबून, जुलाब *घेतला* म्हणजे रेचक, जुलाब *लागले* म्हणजे ढाळ. आणि आमच्या भागात निजामाच्या राज्यामुळं उर्दू मुरलेलं, त्यामुळं दोन्ही अर्थ एकाच गल्लीत नांदतात. सुरुवातीच्या वर्षात एका बाईनं "जुलाबाची गोळी द्या" म्हणलं, मी ढाळ थांबायची दिली, आणि तिला तर सासऱ्याच्या जड कोठ्यासाठी पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः आले, धोतराचा सोगा हातात धरून, आणि काउंटरवर गोळीची पट्टी आपटून काय काय म्हणले ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून कुणी जुलाबाची गोळी मागितली की माझा एकच प्रश्न असतो, "लागायची का थांबायची?"