शाळेत गणितात पहिली येणारी मुलं कॉलेजात का गडबडतात? सुट्टीत आधीच कॅल्क्युलस शिकवून ठेवावं का?

शिकवा हवं तर, पण त्याला तयारी म्हणू नका.

मी पहिल्या वर्षाला गणित शिकवायचो. एक मुलगी होती, शाळेत कायम पहिली, डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे बदलाचा दर काढायचे, सगळे नियम तोंडपाठ. तिला √(क्ष² + ९) चं डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितलं. तिने आधी वर्गमूळ ‘सोडवून’ क्ष + ३ केलं आणि खाली उत्तर लिहिलं, १. झालं! म्हटलं, क्ष = ४ घालून बघ. एकीकडे √२५ म्हणजे ५, दुसरीकडे ७. तिने दोन्ही आकडे पुन्हा तपासले आणि शांतपणे विचारलं, “सर, मग परीक्षेत यातलं कुठलं धरायचं?”

तिचा राग नाही आला. ५ आणि ७ सारखे नाहीत, म्हणजे आपलीच मधली पायरी खोटी, हे स्वतःचं स्वतः ठरवायची वेळ शाळेने तिच्यावर कधी आणलीच नव्हती.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “बीजगणित आपोआप सुधारतं हो, मुलांची कॅल्क्युलसची भीती घालवा.” त्यांनी नव्या मुलांसाठी सुट्टीतला वर्ग काढला, लिमिटपासून (म्हणजे फंक्शन ज्या किमतीच्या जवळ जवळ जातं ती) थेट लोपितालच्या नियमापर्यंत (०/० अडलं की वरचं आणि खालचं डेरिव्हेटिव्ह घेऊन लिमिट काढायचं). त्या बॅचला मी विचारलं, क्ष शून्याकडे जाताना (साइन क्ष)/क्ष चं लिमिट १ का? सगळे एका सुरात, “लोपिताल!” अरे, पण त्यासाठी साइनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते आपण याच लिमिटवरून काढतो ना? वर्ग गप्प. मग मागून आवाज, “पण उत्तर बरोबर आलं ना?” सहकाऱ्यांना सांगितलं, तर तेही हेच म्हणाले.

कॉलेजात गाडी अडते ती इथेच. डिफरन्शिएबल फंक्शन, म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह निघतं ते, कंटिन्युअस, म्हणजे अखंड, असतं. याचं उलट खोटं, शून्यापाशी |क्ष| बघा, आलेख तुटत नाही पण टोक येतं. जर्मन गणिती वायरश्ट्रासने तर १८७२ मध्ये सगळीकडे कंटिन्युअस आणि कुठेच डिफरन्शिएबल नसलेलं फंक्शन मांडलं. फंक्शन म्हणजे सूत्र आणि सूत्र म्हणजे नियम लावायची जागा, एवढंच शिकलेल्याला हे पचणार कसं?

तेव्हा सुट्टीत अक्षरं असलेले अपूर्णांक, घातांक, लॉग आणि मुख्य म्हणजे इनइक्वालिटी (लहान-मोठेपणाची, < आणि > ची गणितं) घोटून घ्या. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, आलं की सगळी मारामारी इनइक्वालिटीचीच असते. प्रत्येक पायरीला ‘हे कशावरून?’ विचारा, मूल वैतागलं तरी.

हां, इंजिनिअरिंगला जाणार असेल तर थोडं कॅल्क्युलस आधी आलेलं बरं, कारण फिजिक्सवाले गणिताच्या वर्गासाठी थांबत नाहीत. आणि मूल आपणहून मागत असेल तर अडवू नका.

बाकी बीजगणित आपोआप सुधारतं म्हणणाऱ्यांनी पहिल्या वर्षाचे पेपर एकदा स्वतः तपासावेत. आमचे ते सहकारी गठ्ठा कायम ज्युनियरांकडे सरकवायचे.