नकाशावरचा फरक आधी तपासून घे

सप्रेम नमस्कार,

पर्यावरणातले बदल आणि नैसर्गिक आपत्ती यांचा भौगोलिक विश्लेषणातून अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. सॉफ्टवेअरपासून करू नकोस, एवढं आधी सांगून टाकते. नकाशे करायचं क्यूजीआयएस किंवा उपग्रह प्रतिमा ऑनलाइन तपासायचं गूगल अर्थ इंजिन हाताळायला फार दिवस लागत नाहीत. प्रश्न नीट मांडायला मात्र लागतात, आणि तिथे घाई केली की पुढचे सहा महिने फुकट जातात.

‘अमुक भागावर हवामानबदलाचा परिणाम’ हे शीर्षक म्हणून चालेल, पण त्यावर काम करता येत नाही. काय बदललं, कोणत्या सीमेच्या आत, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि किमान केवढा बदल तुझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, हे चारही प्रश्नात यायला हवं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि डेटा निवडताना नेमकी तीच नडते. लँडसॅट या उपग्रहमालिकेच्या प्रतिमेतला पिक्सेल, म्हणजे सर्वांत लहान चौकोन, ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. एखादी आकृती भरवशाने ओळखायची तर ती निदान तीन बाय तीन पिक्सेल भरायला हवी. वीस मीटर रुंद दरड लँडसॅटमध्ये एक पिक्सेलही धड भरत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे दृश्य आणि निकट-अवरक्त बँड (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याची प्रतिमा) १० मीटरचे आहेत, तिथे ती दोन पिक्सेल रुंद दिसेल, भरवशाची मात्र तिथेही नाही. पण तो उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला, त्याआधीचं काही त्यातून मिळणार नाही. चाळीस वर्षांचा बदल हवा असेल तर लँडसॅटच घ्यावा लागेल आणि लहान दरडी सोडून द्याव्या लागतील. दोन्ही एकदम मिळत नाही, हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहून टाक.

आता मुख्य मुद्दा. दोन प्रतिमांत फरक दिसला की जमीन बदलली असं लगेच मानायचं नाही. तोच फरक आणखी कशाकशामुळे दिसू शकतो याची यादी आधी करायची आणि एकेक कारण तपासून बाद करायचं. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच सवय.

पहिलं कारण ऋतू. पावसाळ्यानंतरची प्रतिमा एका वर्षाची आणि उन्हाळ्याची दुसऱ्या वर्षाची घेतली, तर पानगळीचं जंगल तोडलेलं दिसणारच. दोन्ही वर्षांचे तेच आठवडे घे, आणि त्या वर्षी पाऊस लवकर संपला होता की उशिरा तेही बघ. डोंगराळ भागात तारीख महिनाभर पुढेमागे झाली तरी सूर्याचा कोन बदलतो, सावल्या सरकतात आणि उत्तर उतारावर ‘बदल’ उगवतो. ढगांबरोबर ढगांच्या सावल्याही काढाव्या लागतात. विरळ उंच ढग तर प्रतिमेसोबत मिळणाऱ्या, ढग दाखवणाऱ्या गुणवत्ता-बँडलाही चकवतात; प्रतिमा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दोन प्रतिमा एकमेकींवर अर्धा पिक्सेल जरी सरकलेल्या असल्या, तरी प्रत्येक शेताच्या बांधाला आणि नदीच्या काठाला बदलाची बारीक पट्टी दिसते. अशी पट्टी सगळीकडे एकाच बाजूला असेल तर ती जमिनीची नाही, सरकलेल्या प्रतिमेची आहे. लँडसॅट-७ च्या बाबतीत ३१ मे २००३ ही तारीख पाठ कर: त्या दिवशी त्यातला एक भाग बिघडला आणि तेव्हापासून प्रत्येक प्रतिमेतला सुमारे २२ टक्के भाग तिरक्या पट्ट्यांनी रिकामा येऊ लागला.

काही फरक तर डेटा पुरवणाऱ्यांच्या कार्यालयातच तयार होतात. सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत २५ जानेवारी २०२२ पासून पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवले जातात. हे न वजा करता जुनं-नवं एकत्र केलं तर काय होतं ते आकड्यांत बघ. दाट जंगलाचा एक पिक्सेल घे, लाल बँड ५००, निकट-अवरक्त ३५००. एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक म्हणजे या दोन बँडचा फरक भागिले बेरीज: ३००० भागिले ४०००, म्हणजे ०.७५. तेच जंगल, तीच पानं, पण नव्या पद्धतीत आकडे येतात १५०० आणि ४५००. फरक तोच ३०००, बेरीज मात्र ६०००, उत्तर ०.५०. एक झाड न पडता हिरवाई एक-तृतीयांशाने घटली! आलेखावर २०२२ च्या सुरुवातीला अशी पायरी दिसली की वणवा, कीड, दुष्काळ शोधण्याआधी हे तपास. अर्थ इंजिनवर या उपग्रहाचा ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह आहे, त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

अशा चुका पकडायला एक साधा उपाय आहे. अभ्यासक्षेत्रात न बदलणाऱ्या पाच-सहा जागा निवड: उघडा कातळ, विमानतळाची धावपट्टी, मोठं काँक्रीटचं छत. त्यांची मूल्यं सगळ्या तारखांना काढून आलेख कर. कातळच ‘हिरवा’ किंवा ‘कोरडा’ होत चाललेला दिसला तर दोष डेटात आहे, आणि जंगलाबद्दल बोलायची वेळ अजून आलेली नाही.

किनाऱ्याच्या झिजेवर काम करणार असशील तर हीच शिस्त भरती-ओहोटीला लाव. पुळणीचा उतार ५० ला १ असेल आणि दोन प्रतिमांच्या वेळी पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक असेल, तर किनारारेषा शंभर मीटर सरकलेली दिसते. त्यात झीज एका वाळूच्या कणाचीही नसेल. प्रतिमेची वेळ आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवल्याशिवाय किनारारेषा आखू नकोस.

क्षेत्रफळ काढताना होणाऱ्या चुकीवर मी जरा जास्त बोलेन, कारण ती सर्रास होते आणि छापूनही येते. वर्गीकरण केलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला जंगल, शेत असा वर्ग दिला, बदलाचे पिक्सेल मोजले, तेवढे हेक्टर जंगल गेलं, असं लिहून मोकळं व्हायचं. समज, एक लाख हेक्टरचं क्षेत्र आहे. तुझ्या नकाशात २,००० हेक्टर जंगल गेलेलं आहे आणि ९८,००० हेक्टर तसंच आहे. गेलेल्या भागातून १०० ठिपके यादृच्छिक निवडले आणि जास्त स्पष्ट प्रतिमेवर एकेक पाहिला, ८० खरे निघाले. तशाच राहिलेल्या भागातून ३०० ठिपके पाहिले, त्यातल्या तीन ठिकाणी जंगल खरं म्हणजे गेलेलं होतं. तीनशेत तीन, म्हणजे फक्त एक टक्का. पण तो एक टक्का ९८,००० हेक्टरचा आहे: ९८० हेक्टर. पहिल्या भागातले खरे १,६०० हेक्टर त्यात मिळव. खरा अंदाज २,५८० हेक्टर येतो, म्हणजे नकाशातल्या आकड्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त. आणि गंमत बघ, याच नकाशाची एकूण अचूकता ९८.६ टक्के भरते. बदल नेहमी थोड्या जागेत असतो, त्यामुळे एकूण अचूकता कायम देखणी येते आणि बदलाबद्दल काहीच सांगत नाही. आकडा लिहायचा तो ठिपक्यांवरून दुरुस्त केलेला, आणि त्याच्यासोबत तो किती इकडेतिकडे असू शकतो ती चुकीची मर्यादा. तीनच ठिपक्यांवर उभे असलेले ९८० हेक्टर किती डळमळीत आहेत हे ती मर्यादाच सांगते. ती फार रुंद आली तर न बदललेल्या भागात ठिपके वाढव. दोन वेगवेगळे वर्गीकृत नकाशे एकमेकांतून वजा करणं तर शक्यतो टाळच. प्रत्येकी ८५ टक्के अचूक असले आणि त्यांच्या चुका एकमेकींशी संबंधित नसल्या, तर दोन्हीकडे बरोबर असलेली जागा ७२ टक्क्यांवर येते.

उंचीच्या मॉडेलकडे वळू. एसआरटीएम या अंतराळयानातून रडारने केलेल्या उंचीच्या मॉडेलची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत झाली. त्यानंतरची खाण, भराव, महामार्ग त्यात नाहीत. दाट झाडीत ते मॉडेल जमिनीची उंची देत नाही, शेंड्यांच्या जवळची देतं. सपाट पूरमैदानात एवढ्या फरकाने पाण्याची वाट बदलते. उतार काढण्यापूर्वी रास्टर (पिक्सेलच्या जाळीतला हा उंचीचा डेटा) मीटरच्या प्रक्षेपणात, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत आण. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली की सगळा प्रदेश जवळजवळ नव्वद अंशांचा कडा होतो. ३० मीटरच्या मॉडेलात लहान कडे गुळगुळीत होतात, म्हणून त्यातला ३५ अंशांचा उतार जागेवर ५० अंशांचा निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नकोस.

पुरासाठी रडार लागतं, कारण पुराच्या वेळी आकाश झाकलेलं असतं. सेंटिनेल-१ च्या रडारची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास आहे. शांत पाण्यावरून किरण दुसरीकडे परावर्तित होतो, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पण कोरडी वाळू, डांबरी धावपट्टी आणि डोंगराची रडार-सावली हेही काळंच दिसतं. उलट वाऱ्याने लाटा उठल्या की पाणी उजळतं, आणि वस्तीत पाणी नि भिंत मिळून किरण थेट परत पाठवतात, त्यामुळे बुडालेली गल्ली कोरडीपेक्षा चकचकीत दिसू शकते. म्हणून पुराआधीची प्रतिमा त्याच कक्षेतली आणि त्याच दिशेची घे, दोन्हींतला फरक काढ, कायमचं पाणी वगळ आणि तीव्र उतारावरचं ‘पाणी’ सरळ पुसून टाक. हे सगळं करूनही एक उणीव राहते. एक उपग्रह त्याच मार्गावर बारा दिवसांनी येतो, पूर मात्र दोन दिवसांत चढून ओसरतो. प्रतिमेत पाणी दिसलं नाही म्हणून तिथे पूर आला नाही, असं लिहू नकोस. भिंतीवरची पाण्याची खूण मोज, दोन-तीन घरी विचार, नदीमापन केंद्राची पातळी बघ.

दरडींचा धोका दाखवणाऱ्या नकाशांबाबत जरा कठोर बोलते. उतार, खडक, भूवापर, रस्त्यापासूनचं अंतर असे दहा-बारा थर घेऊन संगणकाला शिकवायचं आणि ०.९५ एयूसी (दरड असलेली आणि नसलेली जागा मॉडेल किती वेगळी ओळखतं याचा गुण, जास्तीत जास्त १) आला म्हणून समाधान मानायचं, असं खूप चालतं. तो आकडा कसा फुगतो ते समजून घे. दरडींच्या नोंदी बहुतेक रस्त्याकडेच्या असतात, कारण रस्ता बंद पडला की नोंद होते. त्यामुळे रस्त्याचं अंतर हा सर्वांत मोठा घटक ठरतो. रस्ता कापल्याने दरड कोसळते हे खरंच आहे, पण नोंद कुठे झाली आणि दरड कुठे झाली हे या यादीतून वेगळं करता येत नाही. त्यासाठी पूर्ण क्षेत्राच्या प्रतिमेवरून यादी स्वतः करावी लागते. ‘दरड नसलेले’ ठिपके सपाट शेतातून घेतले, तर मॉडेल फक्त डोंगर आणि मैदान यांतला फरक शिकतं. दरडीची नकाशावर आखलेली पूर्ण आकृती (बहुभुज) वापरली, तर मलबा साचलेला पायथाही त्यात येतो आणि मंद उतार धोक्याचा ठरतो; जिथून माती सुटली तो वरचा भागच वेगळा आख. आणि एकाच दरडीचे शेजारशेजारचे पिक्सेल शिकवणीत नि परीक्षेत दोन्हीकडे गेले, तर ती परीक्षाच नाही. क्षेत्राचे मोठे चौकोन पाड, काही चौकोन पूर्ण बाजूला ठेव आणि चाचणी तिथे घे. आकडा ०.७८ वर आला तरी चालेल. लोक त्या नकाशावर घर कुठे बांधायचं ते ठरवणार असतील, तर खरा ०.७८ हाच आपल्याला द्यायला हवा.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते, हे पूररेषेच्या नकाशावर स्पष्ट लिहीत जा. मधल्या काळात वर धरण झालं असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदी पुराची शक्यता काढायच्या एकाच वक्रात घालू नकोस.

कारण सांगतानाही घाई नको. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडातल्या चमोलीत ऋषिगंगा नदीला लोंढा आला, तेव्हा सुरुवातीला हिमनदी फुटली किंवा हिमतलाव फुटला असं सगळीकडे सांगितलं गेलं. उपग्रह प्रतिमा लावून पाहिल्यावर रोंती शिखराखालच्या उतारावर ताजा व्रण दिसला. सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ तिथून सुटून दरीत कोसळला होता, आणि त्यात बहुतेक खडकच होता. उत्तर मिळालं कारण अभ्यासकांनी लोंढ्याच्या खुणा धरून उगमापर्यंत वर जाऊन पाहिलं. तूही आपत्ती जिथे पोचली तिथे थांबू नकोस. पाणलोटाच्या माथ्यापर्यंत प्रत्येक टप्पा प्रतिमेवर बघ.

प्रत्यक्ष जागेवर जाशील तेव्हा फोनचा जीपीएस उघड्यावर पाच मीटरच्या आसपास बरोबर असतो, अरुंद दरीत आणि झाडाखाली बराच चुकतो. प्रत्येक बिंदूसोबत त्याने दाखवलेली अचूकताही टिपून घे. फोटो काढताना कोणत्या दिशेला तोंड होतं ते लिही, नाहीतर महिन्याभराने सगळे उतार सारखे दिसतात. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि प्रक्षेपण असू दे. मूळ डेटावर कधीही काम करू नकोस, प्रतीवर कर.

सध्या एवढंच कर: दहा बाय दहा किलोमीटरचा एकच तुकडा निवड, दोन तारखा, एकच बदल. शंभर ठिपके स्वतःच्या डोळ्यांनी तपास. प्रश्न एका वाक्यात लिहून, सीमेची फाइल आणि ठिपक्यांचं कोष्टक मला पाठव. ज्या ठिपक्यांवर निर्णय होत नाही ते लाल करून पाठव, त्यांच्यापासूनच बोलायला सुरुवात करू.

कळावे.