बाबांचं बीपी आणि कपाटातला कागद

मेलबर्नच्या ताईंचं पत्र तीन पानी आहे, त्यातल्या या चार ओळींनी माझी झोप उडवली: "बाबा साताऱ्यात एकटे, वय ७१. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा स्नायू जाड निघाला. बीपी १६० च्या वर जातं. मैत्रिणीच्या सासऱ्यांना अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने गुण आला, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर तीच सुरू करायला सांगितली. आता जिना चढताना त्यांना अंधारी येते."

ताई, जीव तुटतो, कळतं मला. रविवारी फोन लागला की आपण सगळेच डॉक्टर होतो. पण मैत्रिणीच्या सासऱ्यांचं हृदय तुमच्या बाबांच्या छातीत आहे का?

मी दर खेपेला 'एकोचा कागद, एकोचा कागद' म्हणून कंठशोष करते, त्याचं कारण हेच. बीपीने दमून स्नायू जाड होणं वेगळं आणि तो जात्याच जाड असणं वेगळं. जात्या जाड असलेल्या कित्येकांच्या हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाटच अरुंद होते, अगदी आपल्या पेठेतल्या बोळासारखी. अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. पुढचा दाब उतरला की हृदय जोरात रिकामं होतं आणि बोळ आणखी आवळतो. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी घटलं तरी तेच. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसुद्धा अशा माणसाला महागात पडू शकते. अडथळा नसेल तर यातल्या काही गोळ्या चालतात. असेल तर डॉक्टर बहुधा मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) किंवा व्हेरापामिल यांचा विचार करतात. हे ठरतं कशावर? एकोतल्या ग्रेडियंटवर, म्हणजे त्या अरुंद वाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. तो ३० मिमी (पारा) किंवा त्याहून जास्त असला तर अडथळा धरतात, आणि बसल्या जागी कमी दिसला तरी श्रम केल्यावर वाढू शकतो.

आमच्या अण्णांचं सांगते. रोज सकाळी साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालणारा माणूस. बीपीला एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, तीही एको न बघता. एको झालेला होता, पण एलआयसीच्या कागदांखाली कपाटात! चैत्रातलं ऊन, पोटात फक्त चहा. अण्णा चढावरच खाली बसले. मी इंग्लंडात लेस्टरमध्ये, फोनवर रडत. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी कागद पाहिला, ती गोळी थांबवली, दुसरी दिली. आता पाण्याच्या बाटलीवरून अण्णा रोज कुरकुरतात. कुरकुरू देत.

तेव्हा आजच शेजाऱ्यांना सांगून बाबांना एकोचा कागद आणि गोळ्यांची डबी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा. श्रमाने अंधारी येणं ही आठवडाभर थांबायची गोष्ट नाही. आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर फोनवरून बंद करत बसू नका, बीटा ब्लॉकर तर एकाएकी सोडायचीच नसते.

"बाबांना इकडे आणावं का?" त्यांना विचारलंत का आधी? तुम्ही लिहिलेलं लसूण-मध खुशाल घेऊ देत, पण गोळीच्या जागी नव्हे. पत्रातल्या वहिनींच्या अबोल्याचं पुढच्या वेळी बघू.

एक मात्र तुम्ही विचारलंच नाहीत. आजार जात्याच असला तर बहुतेक घराण्यांत तो प्रत्येक अपत्यात उतरायची शक्यता निम्मी असते. म्हणजे ईसीजी आणि एको तुमचाही हवा. मी माझा दोन वर्षं ढकलला. शेवटी लेकीने गाडीत बसवून नेलं. तुमच्या पुण्याच्या भावालाही कळवा. अबोला वहिनींशी आहे ना, त्याच्याशी नाही.