शंका येते, संशय घेतात

प्रश्न असा आहे : उत्तर कोरियाची धावपटू सिन किम-दान हिच्याविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना एकाने 'स्त्रीत्वाबद्दल शंका उपस्थित झाल्याने तिचे विक्रम रद्द झाले' असं लिहिलं. मित्राने 'शंका' खोडून 'संशय' केलं. दोन्ही एकच ना?

नाहीत. कोशात हे शब्द शेजारी बसतात, पण बोलताना आपण त्यांना वेगवेगळी क्रियापदं जोडतो. शंका येते, शंका विचारतात, तिचं निरसन होतं. वर्गात मूल हात वर करून शंका विचारतं, संशय विचारत नाही. संशय घेतात, आणि तो कोणावर तरी घेतात. 'चारित्र्याच्या संशयावरून' एवढे शब्द बातमीत दिसले की पुढे काय असणार ते न वाचताच कळतं. तिथे 'शंकेवरून' घालून पाहा, वाक्य लुळं पडतं. (लघुशंकेचा इथे संबंध नाही, पण कुणीतरी काढणारच.)

न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, संशयाचं ठरलेलं उदाहरण आहे : 'स्थाणुर्वा पुरुषो वा'. अंधूक उजेडात लांबवर काहीतरी उभं आहे, ते खोड की माणूस? दोघांत सारखी असलेली उंची दिसते, फरक दाखवणारे हातपाय दिसत नाहीत, म्हणून संशय. जवळ गेलं की फिटतो. तिथला 'पुरुष' म्हणजे नुसता माणूस. सिनच्या बाबतीत मात्र तो शब्दशः पुरुष झाला. पाश्चात्त्य खेळविश्वाला प्योंगयांगहून येणारे घड्याळाचे आकडे दिसत होते, बाई फारशी दिसतच नव्हती. इतकी वेगवान म्हणजे पुरुषच असणार, अशी कुजबुज. महिला खेळाडूंची सरसकट लिंगतपासणी सुरू झाली ती 1966 साली, बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत. सिनचे मोठे विक्रम त्याआधीचे. म्हणजे शंका रीतसर विचारलीच गेली नव्हती, नुसता संशय घेतला गेला. मित्राची दुरुस्ती बरोबर.

पण मूळ वाक्यातली मोठी चूक मित्राच्याही नजरेतून सुटली : 'रद्द'. आधी मंजूर असतं तेच रद्द होतं. 1962 साली सिनने 400 मीटर 51.9 सेकंदांत धावून केलेला विक्रम मंजूर झाला होता, आणि तो अधिकृत यादीत 1969 पर्यंत टिकला. संशयाने त्याला धक्का लागला नाही. नोंदच झाली नाही ती पुढच्या वेळांची. इंडोनेशियाने 1962 च्या जकार्ता आशियाई खेळांत इस्राएल आणि तैवानला येऊ दिलं नाही, त्यावरून ऑलिंपिक समितीशी बिनसलं, आणि तिथले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी नोव्हेंबर 1963 मध्ये स्वतःचेच खेळ भरवले, 'गानेफो'. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाला ते मान्य नव्हते. तिथे सिनने 400 मीटर 51.4 सेकंदांत आणि 800 मीटर 1 मिनिट 59.1 सेकंदांत पूर्ण केले. 800 मीटरला दोन मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री, पण अधिकृत यादीत हा मान 1971 साली पश्चिम जर्मनीच्या हिल्डेगार्ड फाल्कच्या नावे लागला. गानेफोत धावल्यामुळे सिनला 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचं दार बंद झालं. तिथे 800 मीटरचं सुवर्ण ब्रिटनच्या अ‍ॅन पॅकरने 2 मिनिटं 1.1 सेकंदांत जिंकलं, आणि तो विश्वविक्रम म्हणून नोंदला गेला. सिनची वेळ त्याहून दोन सेकंदांनी सरस होती.

तेव्हा विक्रमांची वाट लावली राजकारणाने. संशय त्याच्या जोडीला होता, कारण नव्हता. मूळ वाक्याने दोन वेगळ्या गोष्टी 'झाल्याने' या एका शब्दात कोंबल्या. आणि 'उपस्थित झाली' म्हटलं की ती कुणी केली हेही झाकलं जातं. शंका काय सभेला आल्यासारखी आपणहून उपस्थित होते?

मी असं लिहीन : 'गानेफोत धावल्यामुळे महासंघाने तिचे पुढचे विक्रम नोंदलेच नाहीत, शिवाय ती बाईच नसावी, असा संशय पाश्चात्त्यांनी घेतला.' वाक्य लांबलं, पण कर्ते आपापल्या जागी आले.