द्राक्षबागेचे खत मत्स्यटाकीला चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे १०० लिटरची मत्स्यटाकी असून तीत अमेझॉन स्वोर्ड, वॅलिस्नेरिया या पाणवनस्पती आणि काही गप्पी मासे आहेत. कार्बन डायऑक्साइडची सोय नाही. जुन्या पानांना बारीक छिद्रे पडतात आणि नवी पाने फिकट येतात. मामांच्या द्राक्षबागेसाठी आणलेली १९:१९:१९, १३:०:४५ आणि ०:५२:३४ ही खते (आकडे अनुक्रमे नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम यांच्या टक्केवारीचे) घरात आहेत. त्यांपैकी शेवटची दोन एकत्र विरघळवून त्यात थोडे हिराकस (फेरस सल्फेट) घातले, तेव्हा बाटलीच्या तळाशी गाळ बसला. कोठे चुकले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : १९:१९:१९ ची पिशवी मामांकडे परत पाठवावी. तिच्यातील नत्राचा बराच भाग युरिया आणि अमोनियम या रूपांत असतो. द्राक्षवेलीला ते चालते, पण टाकीत त्यापासून अमोनिया तयार होऊन मासे दगावण्याचा धोका राहतो आणि शेवाळही माजते. याच कारणाने १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) सुद्धा नको. १३:०:४५ म्हणजे मात्र पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ही दोन्ही ठिबकची विद्राव्य खते असून मत्स्यटाकीसाठी घरी खत बनवणारे हौशी लोक हेच क्षार वापरतात.

गाळाचे कारण हिराकस. त्यातील लोह फॉस्फेटशी संयोग पावून न विरघळणारा लोहफॉस्फेट तयार होतो, म्हणजे लोह आणि स्फुरद दोन्ही वाया जातात. म्हणून बाटल्या दोन हव्यात.

पहिल्या बाटलीसाठी ४०० मिलिलिटर डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी घेऊन त्यात ४१ ग्रॅम १३:०:४५ आणि ३.६ ग्रॅम ०:५२:३४ विरघळवावे आणि मग पाणी घालून एकूण द्रावण ५०० मिलिलिटर करावे. पोटॅशियम नायट्रेट विरघळताना उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाटली हाताला गार लागेल आणि शेवटचे दाणे रेंगाळतील. थोडा वेळ ठेवून पुन्हा हलवावे. बोअरवेलचे जड पाणी येथे टाळावे, कारण त्यातील कॅल्शियमही फॉस्फेटला धरून बसते. वजनासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्यावा. चमच्याच्या मापावर, विशेषतः ०:५२:३४ च्या बाबतीत, विसंबू नये. या द्रावणाच्या १० मिलिलिटरने १०० लिटर पाण्यात नायट्रेट सुमारे ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट सुमारे अर्धा पीपीएम आणि पोटॅशियम तीन पीपीएमहून थोडे अधिक वाढते. वाळू आणि दगड वजा जाता आपल्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ८५ लिटरच्या आसपास असेल, तेव्हा ८ मिलिलिटर पुरेत.

दुसऱ्या बाटलीत हिराकसऐवजी चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विरघळलेले ठेवलेले लोह, घालावे. असे धरून ठेवणाऱ्या रेणूंपैकी ईडीटीएपेक्षा डीटीपीए प्रकारचे बरे, कारण पाणी किंचित अल्कधर्मी असले तरी ते लोहाला धरून ठेवते. ११ टक्के लोह असलेले हे चिलेट ४.५ ग्रॅम घेऊन ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवले, की १० मिलिलिटरमागे १०० लिटरला ०.१ पीपीएम लोह मिळते. प्रकाशाने चिलेट विघटित होते, म्हणून बाटली गडद रंगाची असावी. पिकांवर फवारायचे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण येथे वापरू नये. त्यात तांबे असते आणि पुढे कोळंबी पाळायचे मनात आले, तर तेच तिच्या मुळावर येते.

बाजारातील तयार बाटल्यांवरचे किंवा तज्ज्ञांचे आठवड्यातून तीनदा खत देण्याचे वेळापत्रक प्रखर प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड असलेल्या टाक्यांसाठी असते. तेथे दर आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा आटोक्यात ठेवतात. आपल्या टाकीत दोन्ही द्रावणे आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या दिवशी दिलेली पुष्कळ झाली. गप्पींची वीण झपाट्याने वाढते आणि त्यांच्या विष्ठेतूनही नायट्रेट तयार होते, म्हणून चाचणी संचाने ते तपासत जावे. नायट्रेट २० पीपीएमच्या वर दिसले तर पहिली बाटली बंद करून केवळ पोटॅशियम सल्फेट, म्हणजे ०:०:५० द्यावे. अमेझॉन स्वोर्ड मुळांवाटेही भरपूर अन्न घेत असल्याने तिच्या बुंध्याशी वाळूत खताची गोळी खोचली, तर द्रावणाचे प्रमाण वाढवण्याची गरज पडणार नाही.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून जुन्या पानांवरील छिद्रे पालाशच्या आणि नव्या पानांचा फिकेपणा लोहाच्या कमतरतेचा असावा. छिद्रे पडलेले पान भरून येत नाही. ते कापून टाकावे आणि पुढील तीन-चार आठवड्यांत येणाऱ्या पानांचा रंग पाहूनच मात्रा कमी-जास्त करावी.