मॉरिशसमध्ये समुद्रकिनारे आणि डोडो सोडून काय आहे? तिथला निसर्ग आणि अर्थव्यवस्था कशी आहे?

नोकरीसाठी दोन वर्षं मॉरिशसमध्ये, एबेन या गावी राहिलो. मूळचा सांगलीकडचा, घरी ऊस. तेव्हा उत्तर उसाकडे झुकणार, हे आधीच सांगतो.

मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होईल त्याच्या तिप्पट. सगळं ज्वालामुखीतून वर आलेलं, आता थंड पडलेलं. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मं.

उसाच्या रानात मधूनमधून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात. मला आधी वाटलं, कसलं तरी स्मारक असेल. रान मोकळं करताना वेचलेले दगड ते! आधी गुलामांनी वेचले, १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी. त्यात मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज घरात बहुतेक क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली भाषा बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते.

ऊसच का? चक्रीवादळात बाकी पीक जातं, ऊस लोळतो आणि पुन्हा उठतो. गळीत जून-जुलैत सुरू होतं, आपल्या बरोबर उलट. चिपाडावर वीजही करतात. १९७५ पासून युरोप ठरलेला कोटा चढ्या भावाने घ्यायचा; २००९ मध्ये ते संपलं आणि त्या सुमारास बरेचसे कारखाने बंद पडले. तोवर देशाने दुसरे आधार शोधले होते: १९७० पासून निर्यातीचे कपडे, मग पर्यटन, मग बँका आणि कंपन्या. भारतात येणारी परकी गुंतवणूक वर्षानुवर्षं मॉरिशसच्या पत्त्यावरून यायची ती १९८३ पासूनच्या भारत-मॉरिशस करकरारामुळे; तिथून आलेल्यांना शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे. २०१६ मध्ये आपण तो बदलून घेतला.

ऊस आणि सांबरासारखं जावाचं हरीण, दोन्ही डचांनी १६३९ च्या सुमारास आणलं. मूळचं चांगलं जंगल आता दोन टक्केही नाही. डोडो त्याच शतकात संपला. पण मला खरी गोष्ट वाटते ती तिथल्या खरुचीची, म्हणजे मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याची: १९७४ मध्ये रानात चारच पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी काढून पिल्लं हातांनी वाढवली, तेव्हा ती पुढे शेकड्यांत गेली. गुलाबी कबुतरही असंच वाचवलं. उलट फळं खाणाऱ्या वटवाघळांना लिची-आंब्यासाठी २०१५ पासून सरकारनेच मारलं. बागायतदाराचा राग मला कळतो, तरी ते पटलं नाही. आणि बाहेरून आलेली माकडं? ती पकडून, पैदास करून औषधांच्या प्रयोगांसाठी परदेशी विकतात. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हा धंदा दिसणार नाही.

जाणार असाल तर एक दिवस किनारा सोडून ईल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावर जा. मूळ जंगल कसं होतं ते तिथे चालत बघता येतं, आणि वाटेत एखादं अवाढव्य कासव आडवं आलं तर थांबावं लागतं.